उलट पाळीचा माणूस

ओट्टो क्राल जिवंत आहेत, हे वैभवीला सोमवारी फोनवर कळलं. ते जर्मनीच्या झारलांड प्रांतातल्या एका गावात, वृद्धांच्या फ्लेगेहाइममध्ये राहत होते. डोळे जवळजवळ गेले होते, ऐकू कमी येत होतं, पण डोकं शाबूत होतं. फोनवरच्या लाउअरबाईंनी वैभवीचं आडनाव दोनदा विचारून घेतलं, कुठले पाहुणे ते विचारलं आणि सांगितलं, "गुरुवारी कॉफीच्या वेळेला या. मी त्यांना कळवते."

वैभवीने सासऱ्यांना ही बातमी दिली तेव्हा उल्हास पांढरीपांडे स्वयंपाकघरात उभ्याने चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला.

"त्याला सांगितलं का, मी आहे म्हणून?"

"सांगितलं ना. मिस्टर पांढरीपांडे, इंडियाहून, कॅनडाच्या खाणीतले."

"काय म्हणाला?"

"तो नाही हो बोलला बाबा, तिथल्या बाई बोलल्या. त्या कळवतील."

उल्हास अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. नागपूरहून मुलाकडे, लुडविग्सहाफेनला, तीन महिन्यांसाठी आले होते. मुलगा प्रणव नदीकाठच्या रासायनिक कारखान्यात इंजिनियर होता. त्याच्या पाळ्या बदलत असत आणि घरी आला की तो झोपलेला असे. सून वैभवी पुण्याची. ती घरूनच एका विमा कंपनीचं काम करायची. आठ वर्षांची नात ईप्सिता आजोबांचं मराठी समजून घेई आणि उत्तर जर्मनमध्ये देई. पहिल्याच आठवड्यात तिने आईला विचारलं होतं की आजोबा भिंतीशी का बोलतात. प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. उल्हास बोलताना समोरच्याकडे बघत नसत, मान किंचित वळवून बाजूला बघत बोलत. लग्नानंतरचं पहिलं वर्ष वैभवीने, आपण सासऱ्यांना आवडलेलो नाही, असं समजून काढलं होतं.

बुधवारी रात्रीच्या जेवणाला प्रणव जागा होता.

"बाबा, पन्नास वर्षं झाली," तो म्हणाला. "एवढ्या वर्षांनी कोण कोणाला ओळखतं? त्यांना दिसतही नाही म्हणे."

"ओळखेल तो."

"आणि नाही ओळखलं तर?"

उल्हासांनी ताटातला भाताचा शेवटचा घास संपवला. "तर मी तिथे होतो, हे सांगणारं कोणी उरलं नाही. मग काय करता?"

प्रणवने बायकोकडे बघितलं. कॅनडाचा विषय या घरात फारसा निघत नसे. त्याची आई, लता, असेपर्यंत तर नाहीच. लताबाईंच्या हिशेबाने नवऱ्याचं आयुष्य त्यांच्या लग्नापासून, म्हणजे भंडाऱ्याच्या मँगनीज खाणीतल्या नोकरीपासून सुरू होत होतं. त्याआधीची दोन वर्षं हा त्यांच्या मते एक वेडेपणा होता, आणि त्याबद्दल बोलून तो वाढवण्यात अर्थ नव्हता. लताबाई गेल्या, त्यालाही चार वर्षं झाली होती.

ती दोन वर्षं अशी होती. एकाहत्तर साली उल्हास खाणकामाची पदविका घेऊन कॅनडाला गेले. तिथे त्या पदविकेला कोणी विचारलं नाही. मिळालं ते काम एका सोन्याच्या खाणीत ड्रिलरचं, देशाच्या पार उत्तरेला, जिथे झाडं माणसाच्या कमरेएवढी होऊन थांबतात. रस्ता नव्हता. उन्हाळ्यात पाण्यावर उतरणारं विमान येई, हिवाळ्यात बर्फावर उतरणारं. तळं गोठू लागलं की आणि बर्फ फुटू लागलं की, असं वर्षातून दोनदा, काही आठवडे कोणतंच विमान येत नसे. तेव्हा छावणीतली माणसं फक्त एकमेकांची असत, आणि एकमेकांशी बोलायला त्यांच्याजवळ काही उरलेलं नसे. जेवणघरात काट्या-चमच्यांचा आवाज यायचा, बस. हिवाळ्यात सूर्य दुपारी डोंगराच्या कडेवर थोडा वेळ टेकायचा, पण पहिल्या पाळीची माणसं तेव्हा जमिनीखाली असत.

एक बोगदा, त्याच्या टोकाला एक ड्रिल, आणि पाळीला एकच माणूस. उल्हास एका पाळीत, ओट्टो दुसऱ्या. ओट्टो जर्मन होता, वयाने थोडा मोठा. तिथे अशा जोडीला एकमेकांचा उलट पाळीचा माणूस म्हणत. एकाने भोकं पाडून सुरुंग उडवायचे, दुसऱ्याने येऊन दगड उपसायचा आणि पुन्हा भोकं पाडायची. भेट व्हायची ती शाफ्टजवळ, म्हणजे खाणीत उतरायच्या उभ्या विहिरीपाशी, पाळी बदलताना, तीही अंधारात. नियम एकच होता. न उडलेला सुरुंग मागे राहिला असेल तर तो पाटीवर लिहून चालत नसे, निरोप पाठवून चालत नसे. पुढच्या माणसाला स्वतः, तोंडाने सांगायचा. "डावीकडे वर एक राहिलाय," असं एक सांगे. "समजलं," असं दुसरा म्हणे. दोन वर्षांत दोघांमध्ये झालेलं बहुतेक सगळं बोलणं हे एवढंच.

मग त्र्याहत्तरच्या शरदात छावणीच्या रेडिओवर उल्हासांसाठी तार आली. वडील अत्यवस्थ. तळं गोठण्याआधीचं शेवटचं विमान दुसऱ्या दिवशी निघणार होतं आणि त्यातली एकुलती जागा ओट्टोची होती, रजेवर जाण्यासाठी. सकाळी ऑफिसमधल्या कारकुनाने उल्हासांना सांगितलं, "क्रालने जागा तुला दिली. सामान आण." ओट्टो तेव्हा जमिनीखाली होता. उल्हास त्याला न भेटताच निघाले. नागपूरला पोचले तेव्हा वडील गेलेले होते. आईने पुन्हा जाऊ दिलं नाही. खाण पुढे बंद पडली. पत्ता कोणाचाच कोणाकडे नव्हता; ओट्टोचा आता इतक्या वर्षांनी वैभवीने जर्मनीतल्या खाणकामगारांच्या संघटनांना विचारून शोधला होता.

गुरुवारी वैभवी आणि उल्हास होम्बुर्गपर्यंत एस-बान या लोकल गाडीने गेले. वैभवीकडे अजून जर्मन लायसन्स नव्हतं. परीक्षकाने तिला उजवीकडून आलेल्या गाडीला वाट न दिल्याबद्दल नापास केलं होतं.

"पुण्यात चौदा वर्षं चालवलीये मी गाडी," ती म्हणाली.

"म्हणूनच," उल्हास खिडकीकडे बघत म्हणाले.

होम्बुर्गहून बस. फ्लेगेहाइम एका उतारावर होतं. समोर गवताने झाकलेला एक सपाट डोंगर होता. वैभवीला तो खरा डोंगर वाटला. उल्हासांनी एकदाच बघितलं आणि म्हणाले, "खाणीतून काढलेली माती आहे. डोंगर असा सपाट नसतो."

लाउअरबाई दारातच भेटल्या. आवाज खाली आणून त्या वैभवीला म्हणाल्या, "ते सकाळपासून तयार आहेत. कोट घालायचाच म्हणाले."

खिडकीजवळच्या टेबलाशी ओट्टो क्राल उभे होते. अंगात खाणकामगारांचा समारंभाचा काळा कोट, पितळी बटणांच्या दोन रांगा. तो आता खांद्यांवर सैल झाला होता. टेबलावर आलुबुखारचा केक आणि तीन कप मांडलेले होते. पावलांचा आवाज ऐकून त्यांनी हात पुढे केला.

"ग्ल्युक आउफ," ते म्हणाले. खाणीतली माणसं एकमेकांना भेटताना हेच म्हणतात, सुखरूप वर या, अशा अर्थाने.

"ग्ल्युक आउफ, ओट्टो," उल्हास म्हणाले.

ओट्टोंनी तो हात दोन्ही हातांत धरला आणि पाठ केल्यासारखं, एकेक शब्द ठेवत, इंग्रजीत म्हणाले, "तुमच्या भावाबद्दल मला फार वाईट वाटतं."

उल्हास दचकले. ते मराठीत वैभवीला म्हणाले, "वासुदेवला काय झालं?"

"काही नाही हो! सकाळीच तर बोललात तुम्ही. महानगरपालिकेला शिव्या देत होते."

"मग हा काय म्हणून राहिला?"

ओट्टो बसले. त्यांचं इंग्रजी तेवढ्यावरच संपलं असावं, कारण पुढे ते जर्मनमध्ये बोलू लागले आणि वैभवी जमेल तसं मराठीत सांगू लागली. बोलताना त्यांचं तोंड खिडकीकडे होतं. न दिसणाऱ्या माणसाला कुठेही बघितलं तरी सारखंच, असं तिला आधी वाटलं. मग तिने सासऱ्यांकडे बघितलं. तेही अगदी त्याच कोनात, दुसऱ्या बाजूला वळून बसले होते. टेबलाच्या दोन बाजूंना दोन म्हातारे, आणि दोघांची तोंडं एकमेकांपासून फिरवलेली.

"त्याला विचार," उल्हास तिची नजर ओळखून म्हणाले, "असं का बसतोस म्हणून."

तिने विचारलं. ओट्टो म्हणाले, "दिवा. टोपीवरचा. सरळ बघितलं तर समोरच्याचे डोळे दिपतात. मग तीच सवय राहिली. बायको म्हणायची, तू माझ्याशी बोलतोस की कपाटाशी."

म्हणजे यांनी एकमेकांचे चेहरे नीट कधी पाहिलेलेच नाहीत, हे वैभवीच्या तेव्हा लक्षात आलं.

ओट्टोंना सांगायचं होतं ते त्यांनी क्रमाने सांगितलं. त्या वर्षी तळं गोठण्याआधीचं शेवटचं विमान गेलं आणि ते कुठेच पोचलं नाही. रेडिओवर तेवढंच कळलं. नंतर सहा आठवडे छावणीत कोणी आलं नाही. वसंतात एका तळ्यात पंखाचा तुकडा सापडला, बाकी काही नाही. कंपनीने पत्र पाठवलं म्हणे, पण भारतातला पत्ता कोणाकडे नव्हता, ते त्याच्या टोरांटोमधल्या कुठल्यातरी जुन्या भाड्याच्या खोलीवर गेलं असेल.

"ती जागा माझी होती," ओट्टो म्हणाले. "मी त्याला दिली. हे त्याच्या घरच्यांना तोंडाने सांगायला हवं होतं. पत्राने सांगण्यासारखी ही गोष्ट नाही. सोमवारी लाउअरबाई म्हणाल्या, मिस्टर पांडे येतायत, इंडियाहून. मला वाटलं, शेवटी आले."

वैभवी भाषांतर करता करता थांबली. "बाबा, यांना वाटतंय की तुम्ही..."

"समजलं मला."

"सांगू?"

"मी सांगतो." उल्हास पुढे वाकले आणि मोठ्याने, सावकाश इंग्रजीत म्हणाले, "ओट्टो. मीच पांडी." छावणीत सगळे त्यांना याच नावाने हाक मारत.

"हो, हो," ओट्टोंनी मान हलवली. "तुम्हीही पांडी. दोघे भाऊ, दोघे पांडी."

"मी भाऊ नाही. मी तोच आहे. उल्हास. मी मेलो नाही."

वैभवीने हे जर्मनमध्ये नीट, दोनदा सांगितलं. ओट्टोंनी चाचपडत उल्हासांचा हात शोधला आणि थोपटला.

"तुम्ही चांगले आहात," ते म्हणाले. "तुमच्याकडे असं मानतात, मला माहीत आहे. माणूस परत येतो. आमचे फादरही मला काहीतरी असंच सांगतात. पण मला समजावायला नको."

"पुनर्जन्म!" उल्हास वैभवीकडे वळून ओरडले. "याला वाटून राहिलं की मी पुनर्जन्माचं सांगतो. अरे बाप्पा!"

वैभवीला हसू आलं आणि ते तिने केकच्या घासाबरोबर गिळलं.

उल्हासांनी मग पुरावे मांडायला सुरुवात केली. तळं घोड्याच्या नालाच्या आकाराचं होतं. स्वयंपाकी युक्रेनचा होता आणि त्याला एकच कान होता. कपडे बदलायच्या खोलीत ओले कपडे साखळीने छताला टांगायचे. विमानात बसल्यावर मधल्या वस्तीवर इंधन भरायला थांबलो, तिथे दक्षिणेकडे जाणारं मोठं विमान उभं होतं, पायलटच म्हणाला की यातून जा, लवकर पोचशील, म्हणून मी तिथे उतरलो. वैभवी एकेक सांगत गेली. ओट्टो ऐकत होते आणि प्रत्येक गोष्टीला मान हलवत होते. शेवटच्या गोष्टीला मात्र त्यांनी मान हलवली नाही.

"स्वयंपाक्याचं त्याने घरी लिहिलं असणार," ते म्हणाले. "चांगलं केलं. मला वाटायचं, तो कोणाला काही लिहीतच नाही."

"लिहीतच नव्हतो!" उल्हास म्हणाले. "सांग त्याला, मी घरी एक ओळ लिहीत नव्हतो."

"बाबा, शांत व्हा. बीपी."

"मी इथे बसलोय जिताजागता आणि हा मला केक खाऊ घालून राहिला माझ्याच तेराव्याचा!"

हे वैभवीने भाषांतरित केलं नाही.

ओट्टो आता मोकळेपणाने बोलत होते. इतकी वर्षं मनात ठेवलेला माणूस ते त्याच्या भावाला दाखवत होते. तो कसा होता? शांत. कामाला चोख. ड्रिलचे दांडे पुसून, ओळीने लावून ठेवायचा. पाळी संपली की तो काय सांगेल ते डोळे मिटून खरं मानावं. झारच्या कोळशाच्या खाणीत नंतर वर्षानुवर्षं काढली, पण तसा उलट पाळीचा माणूस पुन्हा मिळाला नाही. कधी अडचण आली तर मी मनात त्याला विचारायचो, अजून विचारतो. इथे रात्री झोप लागत नाही तेव्हा तोच सोबतीला असतो.

उल्हास ऐकत होते. त्यांच्याबद्दल कोणी इतकं बोललेलं वैभवीने कधी ऐकलं नव्हतं, आणि त्यांनी स्वतःही ऐकलं नसावं. त्यांनी कप उचलला होता, तो तसाच हातात राहिला होता. आता ते काही बोलणार नाहीत, हे असंच चालू देतील, असं तिला वाटलं.

"दोन वर्षांत आमचं एकदाही भांडण झालं नाही," ओट्टो म्हणाले. "एकदाही नाही. त्याने बोगद्याची जमीन आरशासारखी सपाट ठेवली. जिथे ती चढली ना, रूळ बसेनात, ती चूक माझी असेल. त्याची नव्हती."

"माझी असेल?" उल्हास म्हणाले. "असेल काय? तुझीच होती!"

ते इंग्रजीत बोलले होते, खाणीतल्या इंग्रजीत, आणि कप त्यांनी बशीत आपटला होता. ओट्टोंची मान वळली.

"दगड पुरता उपसायचा नाहीस तू," उल्हास म्हणाले. "आळस! खालच्या रांगेची भोकं दगडावरूनच मारायचास, वीतभर वर. मग जमीन चढणार नाही तर काय? प्रत्येक पाळीत थोडी थोडी. दगडांनी भरलेली गाडी त्या उंचवट्यावर रोज घसरायची आणि मी एकटा पहार लावून ती रुळावर चढवायचो. एकटा!"

"मी?" ओट्टो म्हणाले. त्यांचं इंग्रजी कुठूनतरी परत आलं होतं, तुटकं पण धारदार. "मी नाही! तो फिनलंडवाला! माझं बोट मोडलं तेव्हा एक आठवडा तो होता!"

"एका आठवड्यात कुठे जमीन चढते का रे? दोन महिने चढत होती!"

"आणि तुझी वरची भोकं? वाकडी! छतातून दगड लोंबायचे, डोक्यावर! प्रोफेसरसाहेब!"

"बघ, हेच. हेच म्हणाला होतास तू. शाफ्टजवळ, सगळ्यांसमोर. प्रोफेसरला कागदावर जमीन दिसते, पायाखाली दिसत नाही. सगळे हसले."

ओट्टोंचं तोंड उघडं राहिलं. मग त्यांनी ते मिटलं. खोलीच्या दुसऱ्या टोकाला पत्ते खेळणाऱ्या दोन बायका थांबून इकडे बघत होत्या.

"तेव्हा," ओट्टो हळू म्हणाले, "तो मला एक शब्द बोलला. त्याच्या भाषेतला. मी कोणाला सांगितला नाही. मला अर्थही माहीत नाही. काय बोलला तो?"

उल्हासांनी वैभवीकडे चोरून बघितलं. "जरा पाणी आण ना माझ्यासाठी."

"पाणी समोर आहे, बाबा."

"मग दुसरं आण. गरम."

"बाबा, बोला तुम्ही. मी भरपूर ऐकलंय, रिक्षावाल्यांकडून."

उल्हासांनी घसा खाकरला. भंडाऱ्याच्या खाणीत हा शब्द दिवसभर कानावर पडत असे. त्यांनी स्वतः मात्र तो त्या दिवसानंतर कधी उच्चारला नव्हता, घरात तर नाहीच. त्यांनी तो खिडकीकडे तोंड करून, शाळेत उत्तर द्यावं तसा, स्पष्ट म्हटला. वैभवी केककडे बघत राहिली.

ओट्टोंनी तो शब्द स्वतःशी, ओठांनी, परत म्हणून बघितला. त्यांचा हात कोटाच्या वरच्या बटणाकडे गेला. ते बटण त्यांनी काढलं, मग खालचं.

"तू उतरलास," ते म्हणाले.

"उतरलो."

"मधल्या वस्तीवर."

"हो. सांगितलं ना तुला."

"आणि वडील?"

"नाही भेटले. पोचेपर्यंत सगळं झालं होतं."

ओट्टोंनी कोट काढला. वैभवीने उठून तो घ्यायला हात पुढे केला, पण त्यांनी तो घडी करून आपल्या मांडीवरच ठेवला. आत साधा, कोपरावर रफू केलेला स्वेटर होता. ते आनंदले होते की नाही, हे तिला सांगता आलं नसतं. त्यांनी एकदा जोरात श्वास सोडला.

"जागेबद्दल," उल्हास म्हणाले. "तेव्हा सांगायचं राहिलं. थँक यू."

"मला तसंही घरी कोणी बोलावलं नव्हतं," ओट्टो म्हणाले.

मग त्यांनी केक खाल्ला. दोघांनी. उल्हासांनी मुलाचं सांगितलं, ओट्टोंनी बायको गेल्याचं सांगितलं. एकाने मँगनीजच्या खाणीबद्दल विचारलं, दुसऱ्याने कोळशाच्या. उत्तरं छोटी होती. विचारण्यासारखं लवकर संपलं. वैभवी दोघांच्या मधे बसून कॉफी ओतत होती. मघाशी, एक जण मेलेला होता तेव्हा, या टेबलावर जास्त बोलणं होत होतं, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचाच राग आला.

"तो माझ्याशी भांडायचा नाही," ओट्टो मधेच म्हणाले.

"कोण?"

"दुसरा."

उल्हासांनी केकचा तुकडा काट्याने मोडला.

"चार डिसेंबरला आमच्या चर्चमध्ये संत बार्बराची प्रार्थना असते," ओट्टो पुढे म्हणाले. "ती खाणकामगारांची. जमिनीखाली गेलेल्यांची नावं वाचतात, एकेक. त्यात तुझंही आहे. मी पहिल्याच वर्षी दिलं होतं. जुन्या फादरांनी विचारलं, हा तर विमानात गेला, आणि ख्रिश्चनही नाही. मी म्हटलं, माझ्या पाळीचा आहे. तेव्हापासून वाचतात."

"माझं नाव?"

"पांडी. पूर्ण मला येत नव्हतं."

उल्हासांनी मान वळवली आणि त्या दिवसात पहिल्यांदाच ओट्टोंच्या चेहऱ्याकडे सरळ बघितलं. ओट्टोंना ते दिसण्यासारखं नव्हतं.

"आणि पायलटचं?" त्यांनी विचारलं.

"कोणाचं?"

"विमान चालवणारा. मी तर उतरलो. तो एकटाच होता पुढे."

ओट्टो विचारात पडले. "त्याचं मी कधी दिलं नाही," ते म्हणाले. "मला तो आठवलाच नाही. काय नाव त्याचं?"

"मी त्याच्या मागे बसलो होतो. मानेवर भाजल्याची खूण होती. बडबड्या होता. त्यानेच मला उतरवलं, नाहीतर मी तसाच बसून राहणार होतो."

"जिम?"

"जिम तो पंपवाला."

"मग रॉय."

"रॉय नाही."

त्यांनी आणखी काही नावं घेतली. छावणीतली माणसं एकेक करून आली आणि गेली, एककान्या स्वयंपाकी, कारकून, तो फिनलंडवाला, ज्याचं खरं नाव दोघांनाही सांगता आलं नाही. पायलट त्यांच्यात नव्हता. तो छावणीत कधी राहतच नसे. तळ्यावर उतरायचा, पोती टाकायचा, इंजिन बंद न करता निघून जायचा.

लाउअरबाई आल्या आणि जेवणाची वेळ झाल्याचं म्हणाल्या. बसही सुटायची होती. ओट्टो दारापर्यंत आले, एका हाताने भिंत चाचपत, दुसऱ्या हातात कोट.

"यंदा तुझं नाव वाचणार नाहीत," ते म्हणाले. "मी फादरना सांगेन."

"बरोबर आहे. जिवंत माणसाचं वाचू नये."

"त्याचं आठवलं तर कळव."

"कळवतो."

"फोनने कळव. चिठ्ठी मला वाचता येत नाही."

दोघांनी हात मिळवले आणि सवयीने तोंडं फिरवली.

परतीच्या एस-बानमध्ये गर्दी होती. काइझर्सलाउटर्नला बरेच लोक उतरले तेव्हा दोघांना समोरासमोर जागा मिळाली. वैभवीने प्रणवला मेसेज पाठवला, *ओळखलं त्यांनी*, आणि फोन पर्समध्ये टाकला.

"बरं वाटलं ना, बाबा?"

"हो," उल्हास म्हणाले. "ओळखलं त्याने. शिवीवरून का होईना."

ती हसली. ते हसले नाहीत. बाहेर जंगल होतं आणि अंधार पडायला लागला होता, त्यामुळे काचेत त्यांचंच तोंड दिसत होतं.

"वर्षातून एकदा माझं नाव घेत होते, वैभवी," ते थोड्या वेळाने म्हणाले. "मोठ्याने. भरल्या चर्चमध्ये. मी तिकडे भंडाऱ्यात पाळीवर असेन, नाहीतर नागपुरात भाजी आणायला गेलो असेन. मला काही माहीतच नव्हतं."

वैभवीने पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी ती घेतली, पण उघडली नाही.

"बर्ट," ते म्हणाले. मग मान हलवली. "नाही. बर्ट नाही."

नॉयश्टाट गेलं. तिकीट तपासणारी बाई येऊन गेली. उल्हास मधूनच एखादं नाव पुटपुटत, थांबत, आणि ते सोडून देत. लुडविग्सहाफेन आलं तेव्हा वैभवीने त्यांच्या दंडाला हात लावला. ते उठले आणि तिच्यामागून उतरले. फलाटावर, माणसांच्या लोंढ्यात, त्यांनी आणखी एक नाव घेऊन बघितलं. तेही पायलटचं नव्हतं.